पुलाच्या भागातली गगनकन्या

“आणखी थोडा मोठा आ करा, अक्का. हां, शाब्बास.”

पद्मावती चौगुले या सत्तरीच्या बाई त्या दिवशी माझ्या दवाखान्यात पहिल्यांदाच आल्या होत्या. खालची दाढ किडलेली, गाल टम्म सुजलेला, आणि सोबत कुणी नाही. मी सुन्न करायचं इंजेक्शन दिलं, थोडा वेळ जाऊ दिला आणि आता झालं असेल असं समजून दाढेला हात घातला. झालं नव्हतं.

“थांब!” अक्का कडाडल्या. “सोसत नाही गं! सावकाश, सावकाश!”

माझा हात तसाच हवेत राहिला. त्यांना दुखलं म्हणून नव्हे, हे आधीच सांगते. दाताच्या डॉक्टरला ओरडण्याची सवय असते, आमचं अर्धं आयुष्य त्यातच जातं. मी थांबले कारण तो आवाज मी ओळखला होता.

आम्ही लहान असताना टीव्हीवर रविवारी सकाळी ‘गगनकन्या’ लागायचं. परदेशी कार्टून, पण बोलायचं मराठीत. डोंगरावरून झेप घेणारी निळ्या झग्यातली गगनकन्या आणि तिचा वैरी, एका डोळ्याचा कालनेत्र. “थांब, कालनेत्रा! सत्यासमोर सावलीसुद्धा थरथरते!” असं तिनं म्हटलं की आमच्या गल्लीतली सगळी कार्टी टीव्हीसमोर उभी राहायची. तिच्या ‘स’मध्ये एक बारीक शीळ होती. ती काढता यावी म्हणून मी आरशासमोर किती थुंकी उडवली असेल! दातांची डॉक्टर त्यामुळे झाले असं मात्र कुणी समजू नये. मला मेडिकलला मार्क कमी पडले.

शीळ कशाची होती ते आता माझ्यासमोर आ वासून बसलं होतं. वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये छान मोकळी फट.

“अक्का,” मी मास्क खाली ओढला, “तुम्ही गगनकन्या का?”

बाईंनी माझ्याकडे रोखून बघितलं. गाल सुजलेला, डोळ्यांत पाणी, पण नजर काय करारी!

“आधी दाढ काढ,” त्या म्हणाल्या. “मग सांगते.”

ही सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वेळी मी इंटरनेटवर एक पान चालवत होते. ‘गगनकन्या’चे मराठी आवाज कुणाचे ते शोधायचं, एवढाच उद्योग. नवरा म्हणायचा, तुला पेशंट कमी पडतात वाटतं. पण मला राहवायचं नाही. कार्टूनच्या शेवटी परदेशातल्या चित्रकारांपासून रंग भरणाऱ्यांपर्यंत साऱ्यांची नावं यायची, आणि आमच्याशी मराठीत बोलणाऱ्यांचं एकही नाही. कालनेत्राचा आवाज मला सापडला होता. कागलचे दत्तोबा मुळीक, जुने नाटकवाले. गगनकन्या मात्र सापडत नव्हती, आणि ती माझ्या दवाखान्यापासून चार गल्ल्यांवर राहत होती.

दाढ निघाली. अक्का गालाला रुमाल लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, तपासणीसाठी म्हणून, आणि दुपारभर बसल्या.

“रेडिओवर श्रुतिका करायचे मी,” त्या सांगू लागल्या. “तिथनं मुळीकांनी मला त्या स्टुडिओत नेलं. इथंच, रंकाळ्याच्या बाजूला एक खोली होती. भिंतींना गोणपाट मारलेलं, पंखा बंद ठेवायचा, आणि माईक एकच. आम्ही सगळे त्याच्याभोवती. मी पुढं, मुळीक माझ्या मागं, कारण ते उंच.”

“मग सगळी गोष्ट माहीत असेल तुम्हाला. कुठल्या भागात काय होतं ते.”

“कुठली गोष्ट!” अक्का हसल्या आणि लगेच गाल धरला. “फिल्मचे तुकडे करायचे गं. लूप म्हणायचे त्याला. एवढासा तुकडा पडद्यावर फिरत राहायचा, आणि त्याच्या ओठांवर आपण बोलायचं. आज रडायचे तुकडे, उद्या भांडायचे. कुठला तुकडा कुठल्या भागात जायचा ते कुणाला ठाऊक! आणि आमच्या घरात टीव्ही कुठं होता? बाजारात बाया सांगायच्या, पद्माक्का, काल काय रडलीस गं पुलावर! मी म्हणायचे, रडले असेन बाई.”

पुलाचा भाग! मी खुर्चीतून उठलेच. पूल कोसळतो, बसमधली माणसं लोंबकळतात, आणि गगनकन्येला एकतर पूल धरता येणार असतो नाहीतर कालनेत्राला. ती वैऱ्यालाच हाक मारते, ये, दुसरं टोक तू धर. त्या भागाला आमच्या घरी माझे वडीलसुद्धा रडले होते, आणि ते तालीमवाले होते.

योगायोग बघा, त्याच सुमारास मुंबईच्या एका कंपनीनं मला माझ्या पानावरून शोधून काढलं. त्यांना ‘गगनकन्या’चा मराठी आवाज जुन्या टेपांवर सापडला होता. तो साफसूफ करून सगळे भाग ते इंटरनेटवर आणणार होते, आणि या वेळी मराठी आवाजांची नावं द्यायची असं ठरलं होतं. अनघा पेठे म्हणून बाई हे काम बघत होत्या. गोड बोलायच्या, पण पक्क्या.

“डॉक्टर, मी गगनकन्या असं सांगणाऱ्या चार बायका आजवर मला भेटल्यात,” त्या फोनवर म्हणाल्या. “तुमच्या पाचव्या. मला सोबत काम केलेला एक माणूस हवा, आणि दोघांनी माझ्यासमोर टेप ऐकून सांगायला हवं. नाहीतर ती जागा मी रिकामी सोडेन. चुकीचं नाव देण्यापेक्षा ते बरं.”

मी हे अक्कांना सांगितलं तेव्हा त्या साडीच्या पदराशी चाळा करायला लागल्या.

“आमच्या सन्मतीला पण खरं वाटत नाही,” त्या म्हणाल्या. सन्मती म्हणजे त्यांची मुलगी, बँकेत होती. “म्हणते, आई, चार लोकांत सांगत जाऊ नकोस, हसतात. नातवंडं म्हणतात, उडून दाखव. ह्यांना तर ते काम कधी आवडलंच नाही. मी कधी कुणाशी भांडले नाही बघ. पण आता वाटतं. मेल्यावर फोटोखाली सगळ्यांचंच नाव येतं. जिवंतपणी एकदा पडद्यावर यावं. एकदाच. मग मी गप्प बसते.”

मी छातीठोकपणे सांगून टाकलं, “येणार म्हणजे येणार, अक्का.” असं बोलायची मला वाईट खोड आहे.

मुळीककाकांना मी फोन लावला. पलीकडून कालनेत्रच बोलला, तस्सा खर्जातला.

“गगनकन्या चौगुलेबाईच. दुसरं कोण असणार? कुठं यायचं सांगा, छातीवर हात ठेवून सांगतो.”

“रविवारी माझ्या दवाखान्यात. आपण पुलाचा भाग लावणार आहोत.”

काकांचा खर्ज एकदम खाली आला.



“पुलाचा कशाला?” ते म्हणाले. “दुसरा लावा की. ज्वालामुखीचा लावा. तो लई भारी हाय.”

“पण पुलाचाच सगळ्यांचा आवडता, काका. टेप पण त्याचीच सगळ्यात स्वच्छ निघालीय.”

“बघा बाबा तुमचं,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. म्हाताऱ्या माणसांची एकेक तऱ्हा, म्हणून मी ते तिथंच सोडून दिलं.

रविवारी सकाळी दवाखाना आम्ही बैठकीसारखा मांडला. पेशंटच्या बाकांवर चादर घातली, टेबलावर अनघाबाईंचा लॅपटॉप आणि दोन छोटे स्पीकर. अक्का नवी इरकली नेसून आल्या, हातात भडंगाचा डबा. मुळीककाका कागलहून एसटीनं आले. उंच, वाळकुडे, धुवट धोतर आणि कडक टोपी. इतक्या वर्षांनी भेट, तर दोघं दारातच थबकले.

“बाई, बऱ्या हायसा?”

“दात पडले की सगळे, मुळीक!”

“मग राक्षसाला दात कशाला लागत्यात?” काका म्हणाले. सगळे हसले, पण काका लगेच कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसले आणि टोपी मांडीवर घेऊन तिच्याशीच खेळायला लागले.

अनघाबाईंनी टेप लावली. ती वाजायला लागली आणि माझ्या अंगावर काटा आला. पूल करकरला, बसमधली बाळं रडली, कालनेत्र हसला. आणि गगनकन्या आली.

“थांब, कालनेत्रा! सत्यासमोर सावलीसुद्धा थरथरते!”

मी डोळे मिटून ऐकत होते, आणि काहीतरी खटकलं. तोच आवाज, तीच फेक. पण शीळ कुठं होती? ‘सत्य’ आलं, ‘समोर’ आलं, ‘सावली’ आली. एकालाही शीळ नाही. लहानपणी मला हे कधी कळलंच नव्हतं. आता मात्र त्या दातांतली फट मी स्वतः बघितली होती. त्या फटीतून असा साफ ‘स’ निघणं शक्यच नव्हतं. मी अक्कांकडे बघितलं. त्या सुरुवातीला मान डोलावत होत्या, ती मान हळूहळू थांबली.

मी मनातल्या मनात म्हटलं, अक्का, गप्प बसा. तुम्हाला कुणी विचारणार नाही. अनघाबाईंना काही कळलेलं नाही. फक्त ‘होय’ म्हणा.

“बंद कर, पोरी,” अक्का म्हणाल्या. “ही मी नव्हे.”

अनघाबाईंनी टेप थांबवली. “तुम्ही नाही?”

“आवाज माझ्यासारखा आहे. पण मी अशी रडत नाही. मी श्वास आधी घेते, ही मागनं घेते. हे तुकडे मी केलेले नाहीत.”

“अक्का, तीस-पस्तीस वर्षं झाली, विसरला असाल,” मी मध्ये पडले. “जुनी टेप आहे, आवाज थोडा...”

“उज्ज्वला, मला नाव पाहिजे,” अक्का म्हणाल्या, “पण माझ्या आवाजाला पाहिजे. दुसऱ्या बाईच्या रडण्यावर माझं नाव लावून घेऊ होय? आणि इतकी वर्षं बाजारातल्या बायांकडनं कौतुक घेतलं ते घेतलंच मी!” त्या मुळीककाकांकडे वळल्या. “मुळीक, कोण होती ही? मी बाळंतपणाला गेले तेव्हा कुणाला आणलं होतंत?”

काका खाली बघत होते.

“मी निपाणीला माहेरी होते,” अक्का आम्हाला सांगू लागल्या. “सन्मती सातव्यातच झाली, अचानक. कुणाला निरोपसुद्धा देता आला नाही. महिन्याभरानं परत आले, तर हे मुळीक म्हणाले, बाई, मशीन बिघडलं होतं, काम बंदच होतं. मी देवाचे आभार मानले. काम चुकलं असतं तर मालकानं मला काढलीच असती. पुण्याची एक बाई तो तयारच ठेवून होता. म्हणजे तीच का ती? बोला की!”

“पुण्याची न्हवं,” काका म्हणाले.

“मग कुठली बाई?”

“बाई न्हवतीच.”

अनघाबाई लॅपटॉप मिटत होत्या, त्या थांबल्या. मुळीककाका उठले. टोपी डोक्यावर सरळ केली, घसा खाकरला आणि भिंतीकडे तोंड केलं. का ते मला नंतर कळलं. समोर माणसं दिसली की लाज वाटायची, म्हणून.

“ये, कालनेत्रा,” गगनकन्या म्हणाली. “दुसरं टोक तू धर. माझे हात पुरत नाहीत रे.”

काय सांगू! सहा फुटांचा, पंचाहत्तरीचा, मिशीवाला माणूस, आणि त्याच्या गळ्यातून ती! थोडी थकलेली, पण तीच. आणि आम्ही तोंड मिटायच्या आत त्याच गळ्यातून खर्जात आलं, “मी? मी तर तुझा वैरी!” मग पुन्हा ती, मग पुन्हा तो. भिंतीकडे तोंड करून ते एकटेच पूल धरत होते, दोन्ही टोकांनी.

“अगं आई गं!” अनघाबाई मटकन खाली बसल्या.

अक्का मात्र ताडकन उठल्या. “मुळीक! तुम्ही?”

“पोरपणी गावच्या नाटकांत बाईचंच काम करायचो,” काका अजून भिंतीकडेच बघत होते. “मिशी फुटल्यावर सोडलं. घरात कुणाला आवडत न्हवतं. पोरांना तर मी कधी सांगितलंच न्हाई. तुम्ही आला न्हाईसा, तवा रेकॉर्डिंगवाला म्हणाला, आता पुण्याच्या बाईला बोलवायला लागतंय. मी म्हटलं, थांब. मालक बसलाय मुंबईत, त्याला टेप जाती फक्त. तुकड्या-तुकड्यानंच तर करायचं. आधी बाईचं करतो, मग माझं करतो. कुणाला कळायचं न्हाई. आणि कळलं न्हाई बघा.”

“मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? तुमच्यासारखं रडून घेतलं म्हणून? तुम्ही म्हणला असता, मुळीक, सोडून देते मी काम. तुमचा स्वभाव म्हाईत हाय की मला.”

अक्कांनी डब्याचं झाकण उघडलं, मूठभर भडंग काकांच्या हातावर ठेवला आणि त्यांना बाकावर बसवून शेजारी बसल्या. दोघंही चावत बसले. दात एकाला नव्हते आणि एकीची दाढ नुकतीच निघालेली, त्यामुळे तो भडंग बराच वेळ पुरला.

मग आम्ही ज्वालामुखीचा भाग लावला. पहिल्याच ‘स’ला शीळ आली. “ही मी!” अक्का लहान मुलीसारख्या ओरडल्या, आणि काकांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. अनघाबाईंनी तिथंच जाहीर केलं, गगनकन्या म्हणजे पद्मावती चौगुले, नक्की. मी अक्कांना मिठी मारली. हे मिठ्या मारणं आमच्याकडे फारसं नसतं, पण मारली.

जाताना अनघाबाई एक गोष्ट सांगून गेल्या. बाकीचे भाग इंटरनेटवर येतील, पण एकच भाग वाहिनीवर लागणार, खास कार्यक्रम म्हणून. पुलाचा.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तो पडला कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी, अनघाबाईंचा फोन आला तेव्हा.

“डॉक्टर, तुमची माणसं विचित्र आहेत,” त्या म्हणाल्या. “चौगुलेबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, टीव्हीवरच्या भागात माझं नाव देऊ नका, ते काम मुळीकांचं आहे, त्यांचं एकट्याचं द्या. आणि मुळीकांचा त्याच्या आदल्याच दिवशी. म्हणाले, गगनकन्येला माझं नाव द्याल तर पुन्हा तोंड बघणार नाही, बाईंचं द्या.”

“मग?”

“मग काय, संध्याकाळी बघा.”

मी तशीच अक्कांच्या घरी गेले. “अक्का, तुमच्या घरात इंटरनेट कोण बघतंय? टीव्हीवर एकच भाग येणार, तो पण हा. तुम्हाला माहीत होतं ना?”

“होतं की.”

“तुम्हाला तर एकदाच पाहिजे होतं.”

“पाहिजेच होतं,” अक्का म्हणाल्या. “अजून पाहिजे. खोटं कशाला बोलू? पण त्या माणसानं माझी जागा राखली, ती त्याच्या नावावर नको का व्हायला? जा, चहा टाक. मला आज काही सुचत नाही.”

संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये माणसं मावत नव्हती. मुळीककाकांना सन्मतीताई स्वतः गाडी घेऊन कागलहून घेऊन आल्या, काकांच्या दोन मुलांसकट. मुलं बापाकडे चोरून बघत होती. थोरला त्यांच्या पाठीमागची उशी सारखी करत होता.

पूल कोसळला. गगनकन्या रडली. “आजोबा, हे तुम्ही?” अक्कांची नात काकांना विचारत होती, आणि काका मानेनंच हो म्हणत होते. अक्का ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर, देवळात बसतात तशा. मग भाग संपला आणि काळ्या पडद्यावर मराठी नावं यायला लागली.

कालनेत्र : दत्तोबा मुळीक.

आणि त्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत :

गगनकन्या : पद्मावती चौगुले यांच्या आवाजात दत्तोबा मुळीक.

सन्मतीताईंनी ते मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं, या वेळी आईच्या खांद्यावर हात ठेवून, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्यांना पुरं वाचता आलं नाही.

मुळीककाका टोपीनं डोळे पुसत होते. “मी त्या पोरीला सांगितलं होतं, माझं घालू नको म्हणून,” ते पुटपुटले.

“मी पण सांगितलं होतं,” अक्का म्हणाल्या. पडद्यावर आता जाहिरात लागली होती, पण त्या तिकडेच बघत होत्या. चेहरा असा फुललेला, की मला वाटलं आता उडतातच की काय. “पण मुळीक, बघितलंत का?”

“काय?”

“गगनकन्येपुढं आधी माझं आलं.”

“ते येणारच की,” काका म्हणाले. “मी मागंच उभा असायचो तुमच्या.”

अक्का खुदकन हसल्या, आणि मग सगळं घर हसायला लागलं. सन्मतीताई नाक पुसत जेवणाची पानं घ्यायला उठल्या.